झीज या शब्दाने बिघडवलेले गुडघे

पत्रातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : "आईचं वय ६१, उंची पाच फूट, वजन ७९ किलो. बडोद्यात मांजलपूरला दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. दोन वर्षांपूर्वी उजवा गुडघा दुखायला लागला, आता दोन्ही दुखतात. एक्स-रेमध्ये ग्रेड ३ ची झीज निघाली. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा आणि चाला. मावशी म्हणते, झिजलेल्या गुडघ्यांवर चाललं तर उरलीसुरली गादीपण जाईल. आम्ही आईला काही करू देत नाही, सगळं हातात देतो. तरी दुखणं वाढतंच आहे आणि दोन वर्षांत वजन ११ किलोंनी वाढलं. चाललं तर दुखतं, नाही चाललं तर वजन वाढतं. सुरुवात कुठून करायची? आणि या नवरात्रात आई गरबा खेळू शकेल का?"

मावशींना दोष देऊ नका. पंचवीसेक वर्षांपूर्वी फिजिओथेरपी शिकून दांडिया बाजारात बसायला लागले तेव्हा मीही जवळपास तेच सांगत होते. त्या वेळच्या एक काकू मला अजून आठवतात. दोन्ही गुडघे दुखत होते, वजन तसं बेताचंच. मी त्यांना एका कागदावर यादी करून दिली : जिने टाळा, मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, जड उचलू नका, फार वेळ उभं राहू नका. काकू शिस्तीच्या. त्यांनी तो कागद फ्रिजवर लावला आणि दीड वर्ष अक्षरशः पाळला. पुन्हा आल्या तेव्हा नऊ किलो वाढल्या होत्या आणि रिक्षातून उतरताना दोघांना धरावं लागलं. "तुमचं एकही मोडलं नाही हो," असं म्हणत त्यांनी पर्समधून तोच कागद काढून टेबलावर ठेवला. मी तो पुन्हा वाचला. ‘करा’ असं त्यात एकही वाक्य नव्हतं.

घोळाचं मूळ ‘झीज’ या शब्दात आहे असं माझं मत होत गेलंय. चप्पल झिजते, सहाण झिजते, गाडीचं टायर झिजतं. झिजणारी वस्तू कमी वापरली की जास्त दिवस पुरते, हे आपण लहानपणापासून पाहतो. मग गुडघ्याला तोच शब्द लावला की माणूस तोच हिशेब करतो : जितकी पावलं कमी, तितकी गादी शिल्लक. पण गुडघा हा जिवंत अवयव आहे आणि जिवंत अवयवाला खाणं लागतं. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, जिला आपण गादी म्हणतो, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या पातळ चिकट द्रवातून. भांडी घासायचा स्पंज पाण्यात नुसता ठेवला तर आतपर्यंत नीट भिजत नाही, दाबून सोडला की पाणी पितो. कूर्चेचंही तसंच. पाऊल टाकलं की ती दाबली जाते, उचललं की मोकळी होते आणि त्या दाबण्या-सोडण्यात पोषण आत जातं, टाकाऊ बाहेर पडतं. दिवसभर सोफ्यावर पाय लांब करून बसलेल्या माणसाच्या गुडघ्यात ही ये-जा जवळजवळ थांबते. लोक म्हणतात "ग्रीस संपलं". वंगण कुठे जात नाही, ते ढवळलं जात नाही.

वापरल्याने गुडघे जातात हे जर खरं असतं, तर धावणाऱ्यांचे सगळ्यांत आधी गेले असते. आपल्याकडे मॅरेथॉनच्या दिवसांत रोज कुणी ना कुणी म्हणतंच, "यांचे गुडघे चाळिशीत जाणार." २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून एक मोठं विश्लेषण झालं. त्यात हौशीने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचं (म्हणजे आपण ज्याला झीज म्हणतो त्याच दुखण्याचं) प्रमाण साधारण साडेतीन टक्के निघालं आणि न धावणाऱ्या, बैठ्या लोकांमध्ये दहा टक्के. स्पर्धेसाठी वर्षानुवर्षं जीव तोडून धावणाऱ्यांमध्ये मात्र तेरा टक्क्यांच्या वर. आता यात एक मेख आहे हे कबूल करायला हवं : ज्यांचे गुडघे मुळात चांगले, तेच धावत राहतात. तेव्हा धावल्याने गुडघे वाचतात असं यावरून छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण बेताच्या वापराने ते खलास होतात, हे तर मुळीच म्हणता येत नाही. तुमच्या आईंना कुणी पळायला सांगत नाहीये, काळजी नसावी.

आता वजनाकडे येऊ. सपाट जमिनीवर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो, जिना उतरताना साडेतीन पटींच्या आसपास. म्हणजे ७९ किलोंच्या बाईच्या गुडघ्यावर साध्या चालण्यात दोनशे किलो आणि दुसऱ्या मजल्यावरून उतरताना पायरीगणिक पावणेतीनशे. हे ऐकून लोक घाबरतात, पण हाच हिशेब उलटा करून पाहा. अमेरिकेतल्या एका संशोधनात २००५ साली असं दिसलं की संधिवात असलेल्या जाड माणसांचं वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. आईंचं वजन चार किलो उतरलं, तर पावलाला सोळा किलो. आई रोज घरातल्या घरात तीन हजार पावलं चालल्या, तर एका गुडघ्याच्या वाट्याला दीड हजार. सोळा गुणिले दीड हजार, चोवीस टन. फक्त चार किलोंत, एका गुडघ्यावरून, रोज. म्हणून ‘पंचवीस किलो उतरवल्याशिवाय काय उपयोग’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

पण नुसतं ओझं एवढीच गोष्ट असती, तर जाड माणसांच्या बोटांचे सांधे का दुखतात? बोटांवर कुणी चालत नाही. तरी लठ्ठपणा आणि हाताच्या बोटांचा संधिवात यांचा संबंध अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसतो. कारण चरबी म्हणजे नुसतं भरून ठेवलेलं पोतं नाही. विशेषतः पोटाच्या आतली चरबी सतत काही रसायनं रक्तात सोडत असते आणि त्यातली बरीचशी दाह वाढवणारी असतात. ती सांध्यांपर्यंत पोचतात, कूर्चेच्या पेशींना त्रास देतात, आतल्या अस्तराला सूज आणतात. तिकडे मधुमेह, इकडे गुडघे, तिसरीकडे रक्तदाब, हे सगळं एकाच घरात नांदताना दिसतं ते उगाच नाही. म्हणून मी पेशंटचं वजन बघते तसं कंबरेला टेपही लावते. भारतीय बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषाची ९० च्या आत असावी असं मानतात. वजन-उंचीचा जो आकडा काढतात, बीएमआय, तो आपल्या लोकांसाठी २३ च्या आत हवा, २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. तुमच्या आईंचा ३४ येतो. दोन वर्षांपूर्वी, ६८ किलोंवर असताना, तो २९ होता. म्हणजे वजन तेव्हाही जास्तच होतं, पण गाडी घसरली ती नंतर. आरामात.

ती कशी घसरली हे तुमच्याच पत्रात आहे, फक्त तुम्हाला ते जाणवलेलं नाही. "सगळं हातात देतो," असं तुम्ही लिहिलंय. आपल्या बडोद्याच्या मराठी घरांमध्ये हे मी इतक्यांदा पाहिलंय! गुडघा दुखतो म्हटल्यावर आधी ओट्याजवळ स्टूल येतं. मग भाजी मंडईतून मुलगा आणतो. मग पाण्याचा तांब्या सून हातात आणून देते. मग देवपूजा खुर्चीवर, मग जेवणाचं ताटही टीव्हीसमोर. प्रत्येक गोष्ट प्रेमापोटी. आणि दोन वर्षांत त्या बाईच्या अंगातून दिवसाला दीड-दोन तासांची हालचाल कधी निघून गेली, ते कुणालाच कळत नाही. खाणं मात्र तेवढंच राहतं, उलट दुपारी एकटं बसून चिवडा-शेवेचा डबा जवळ येतो.

या बसण्यात सगळ्यांत आधी जातो मांडीच्या पुढचा स्नायू. माझ्या लेखी या सगळ्या गोष्टीचा नायक तोच. पाऊल जमिनीवर टेकतं तेव्हा गाडीच्या शॉक ॲब्सॉर्बरसारखा तो धक्का झेलतो. तो दमदार असेल तर सांध्यापर्यंत कमी पोचतं. गंमत अशी की गुडघा दुखला किंवा आत सूज आली की शरीर स्वतःच त्या स्नायूला बंद पाडतं, मेंदूकडून येणारा हुकूम अर्धवट पोचतो. पेशंट म्हणतात ना, "पाय एकदम लुळा पडल्यासारखा होतो, गुडघा दगा देतो"? ते हेच. म्हणजे दुखण्याने स्नायू मंदावतो, माणूस बसतो, बसल्याने स्नायू वाळतो, वजन वाढतं, मग पुढच्या पावलाचा धक्का जास्त भाराने आणि कमी झेलून थेट सांध्यात. पुन्हा दुखणं. तुमचे "चाललं तर दुखतं, नाही चाललं तर वजन वाढतं" हे शब्द बरोबर आहेत, फक्त मधला हा स्नायू त्यातून गळालाय. आणि चक्र तोडायचं असेल तर हात तिथेच घालायचा. आधी वजन की आधी चालणं, याचं माझं उत्तर : आधी मांडी.

कारण ती एकच गोष्ट आहे जी दुखऱ्या गुडघ्यानिशी, घरात, पलंगावर, आज संध्याकाळी सुरू करता येते.

पहिले दोन आठवडे एवढंच करा. पलंगावर पाय पसरून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची. मनात पाच आकडे मोजायचे, सोडायचं. प्रत्येक पायाला दहा वेळा, दिवसातून तीनदा. दाबताना मांडी हाताला टणक लागली पाहिजे. लागत नसेल तर स्नायू झोपलेला आहे, तीन-चार दिवस नेटाने केल्यावर जागा होतो. मग खुर्चीवर बसून एकेक पाय समोर सरळ करायचा, पाच आकडे धरायचा. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, दहा-पंधरा वेळा, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता होतं. आणि यातला राजा म्हणजे खुर्चीवरून उठणं-बसणं. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. सुरुवातीला बैठकीवर एखादी उशी टाकून उंची वाढवा, हातांचा आधार घेऊ द्या. पाच वेळा उठा-बसा, विश्रांती, पुन्हा पाच. बसताना धपकन बसायचं नाही, सावकाश, तीन आकडे मोजत. आठवड्याने उशी काढा, मग हातांचा आधार. ज्या बाईला शौचालयात उठता येत नव्हतं म्हणून रडू यायचं, तिला या एका व्यायामाने दीड-दोन महिन्यांत फरक पडतो. वजनकाटा तेव्हा जेमतेम किलोभर हललेला असतो.

घरात झोपाळा आहे का? बडोद्यात बहुतेक घरांत असतो, म्हणून विचारते. झोपाळ्यावर बसून जमिनीला पायाने रेटा देत हळू झोके घेणं ही गुडघ्याची उत्तम हालचाल आहे : वाकतो, सरळ होतो, भार जवळपास शून्य. सकाळी उठल्यावर आखडलेला गुडघा मोकळा करायला मी सर्रास सांगते, दहा मिनिटं. फक्त त्याने स्नायू कमावला जात नाही, आणि उठ-बस झोपाळ्यावर अजिबात करायची नाही. तो मागे सरकतो आणि माणूस खाली येतो.

व्यायामात दुखेल. थोडं दुखणारच. इथेच बहुतेक लोक सोडून देतात, कारण त्यांना कुणी सांगितलेलं नसतं की किती दुखलेलं चालतं. मी रुपयाचा हिशेब सांगते. न सोसवणारं दुखणं म्हणजे सोळा आणे. व्यायाम करताना चार-सहा आणे दुखलं तर चालू ठेवा. आठ आण्यांच्या वर गेलं तर थांबा, दुसऱ्या दिवशी संख्या निम्मी करा. आणि खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री उतरून सकाळी गुडघा रोजच्यासारखा झाला असेल तर काहीही बिघडलेलं नाही. सकाळी सुजला असेल, गरम लागत असेल, तर आदल्या दिवशी जास्त झालं. गुडघा कटकट वाजतो म्हणून घाबरू नका, न दुखता वाजणाऱ्या गुडघ्याला मी वाजू देते.

आणि तो ग्रेड ३ चा एक्स-रे कपाटात ठेवून द्या. एक्स-रेमधल्या या शून्य ते चार अशा पायऱ्या १९५७ साली ठरवल्या गेल्या, आजही वापरतात, आणि त्यांना अर्थ आहे. पण फिल्म आणि दुखणं यांचं नेहमी जमतंच असं नाही. ग्रेड ३ वाले पावागढचा डोंगर चढून आलेले मी पाहिलेत (रोपवे असताना चालत का गेलात, हे विचारून झालं) आणि ग्रेड १ वाले घराचा उंबरा ओलांडायला घाबरणारेही. फिल्म बदलणार नाही. मांडी बदलते, वजन बदलतं, दुखणं बदलतं.

तिसऱ्या आठवड्यापासून चालणं. जिना दिवसातून एकदाच, कठड्याला धरून : चढताना आधी बरा पाय, उतरताना आधी दुखरा. खाली आल्यावर सपाट रस्त्यावर पाच मिनिटं, घड्याळ लावून. बरं वाटतंय म्हणून दहा करायची नाहीत, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटंच वाढवा. शक्य असेल त्या दिवशी कमाटीबागेत न्या. सयाजीरावांनी १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी ही बाग उभी केली ती आज आम्हा फिजिओथेरपिस्टांच्या फार कामाला येते, कारण तिथे बसायला जागा आहेत. किलोमीटर मोजण्याऐवजी "या बाकड्यापासून त्या बाकड्यापर्यंत" असं चालायचं, बसायचं, पुन्हा पुढच्या बाकड्यापर्यंत. आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारखी हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आपल्या देशात २०२२ साली जवळपास निम्मे प्रौढ त्याखाली होते आणि बायकांची स्थिती पुरुषांपेक्षा वाईट. तिथवर पोचायला आईंना चार-सहा महिने लागू द्यात. हातात काठी घ्यायला लाजत असतील तर समजावा, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बरेच लोक उलटी धरतात, सिनेमावालेसुद्धा.

दांडिया बाजाराकडे याल तेव्हा प्रा. माणिकरावांचा आखाडा, श्री जुम्मादादा व्यायाम मंदिर, बघून घ्या. १८८० सालची संस्था. माणिकराव व्यायाम शिकवायचे आणि हाडवैद्य म्हणूनही तेवढेच नावाजलेले होते. एकच माणूस लाठी-लेझीम शिकवतो आणि हाडंही बसवतो. आपल्या गावात या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच, ‘व्यायाम तरुणांचा आणि सांधे म्हाताऱ्यांचे’ ही वाटणी अलीकडची.

खाण्याबद्दल फार लांबड लावत नाही, पण व्यायामाने एकट्याने वजन फारसं उतरत नाही हे स्पष्ट सांगायला हवं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात गुडघ्याचा संधिवात असलेल्या ४५४ जाड माणसांचे तीन गट केले होते : नुसता आहार, नुसता व्यायाम, आणि दोन्ही. दीड वर्षाने नुसत्या व्यायामवाल्यांचं वजन दोन टक्के उतरलं होतं, दोन्ही करणाऱ्यांचं अकरा टक्क्यांच्या वर, आणि त्यांचं दुखणं जवळजवळ अर्ध्यावर आलं होतं. दोघांपैकी कुठल्याही एकट्याने इतकं झालं नाही.

माझ्याकडे कुणी आलं की मी "काय खाता?" असं विचारत नाही, कारण सगळे "साधंच" म्हणतात. मी विचारते : घरात महिन्याला तेल किती लागतं, माणसं किती? माणशी अर्धा लिटरच्या आसपास असावं. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्याला संपत असेल तर उत्तर तिथेच मिळालं. एक लिटर तेलात आठ हजारांहून जास्त कॅलरी असतात. पुढचा प्रश्न चहाचा : दिवसातून किती वेळा, दर वेळी साखर किती आणि सोबत काय. आपल्याकडे चार वाजताच्या चहासोबत फरसाण नसेल तर पाहुणा रागावतो, हे मला माहीत आहे. मग रविवारी फाफडा-जलेबी, सेव-उसळीवर तिखट तर्री. हे सगळं बंद करा असं मी कधीच सांगत नाही, कारण बंद केलेलं आठव्या दिवशी दुप्पट परत येतं. सेव-उसळ खा, पण उसळ वाटीभर आणि शेव चिमूटभर. फरसाणाचा डबा घरात आणू नका, खायचंच तर बाहेर जाऊन, चालत जाऊन खा. आणि उपास! गुरुवार, एकादशी, चतुर्थी मिळून महिन्याला सात-आठ दिवस साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाऊन "मी तर उपास करते तरी वजन वाढतं" म्हणणाऱ्या मावश्यांची संख्या मी मोजायचं सोडून दिलंय. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, वर दाणे आणि तूप. उपास करायचाच तर ताक, फळं, थोडे दाणे, भगर बेताने.

एक मात्र कमी करू नका, उलट वाढवा : प्रथिनं. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही उतरतो, आणि नायकच गेला तर मग उरलं काय. प्रत्येक जेवणात वाटीभर घट्ट डाळ किंवा मटकी-मुगाची उसळ, दही, ताक, पनीर, खात असाल तर अंडं. भात निम्मा. भुकेने कासावीस करून महिन्यात सहा किलो उतरवणाऱ्या जाहिराती रस्त्यावर दिसतात, त्यांच्याकडे पाहूसुद्धा नका. आईंसाठी पहिल्या सहा महिन्यांत चार किलो, वर्षाभरात आठ, एवढं पुष्कळ झालं. वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी.

हल्ली वजनाच्या इंजेक्शनांबद्दल रोज विचारतात. त्यातल्या सेमाग्लुटाइड या औषधावर २०२४ साली गुडघ्याच्या संधिवातासाठी खास अभ्यास प्रसिद्ध झाला. ४०७ लोक, ६८ आठवडे. औषधवाल्यांचं वजन जवळपास चौदा टक्के उतरलं आणि दुखणंही नुसता सल्ला आणि खोटं इंजेक्शन मिळालेल्यांपेक्षा स्पष्ट कमी झालं. तेव्हा ते थोतांड नाही. पण ते महाग आहे, मळमळ-उलट्यांचा त्रास अनेकांना होतो, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचं नाही. घेतलं तरी टॉवेल आणि खुर्ची सुटत नाही. बाकी ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर मी कुणाला पैसे घालवायला सांगत नाही. दुर्बिणीतून गुडघा धुऊन घेण्याचा उपाय २००२ सालीच खोट्या ऑपरेशनशी ताडून पाहिला गेला आणि त्याच्याहून सरस ठरला नाही. चोळायची वेदनाशामक मलमं मात्र उपयोगी आहेत, व्यायामाआधी अर्धा तास लावा. तोंडाने घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या केमिस्टला विचारून घेऊ नका. आईंना रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्या महागात पडतात. आणि "गुडघे बदलले की चालेन, मग वजन उतरेल" हा बेत बहुतेकांचा फसतो. ऑपरेशनची वेळ आलीच तर ते नक्की करावं, चांगलं होतं. पण कमावलेली मांडी घेऊन टेबलावर गेलेला पेशंट लवकर उभा राहतो.

हे सगळं ज्या संधिवाताबद्दल लिहिलं तो वयाचा आणि वजनाचा. दुसरे प्रकार वेगळे असतात आणि ते घरी ओळखून उशीर न करणं महत्त्वाचं. सकाळी उठल्यावर सांधे तासभर आखडलेले राहत असतील, दोन्ही हातांच्या बोटांचे आणि मनगटांचे सांधे सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. त्याला सांध्यांच्या तज्ज्ञाकडे लवकर जायला हवं, औषधं वेळेत सुरू झाली तर सांधे वाचतात. तिथेही जास्त वजनाने औषधांचा गुण कमी येतो, म्हणून वजनाचा मुद्दा सुटत नाहीच. रात्रीतून पायाचा अंगठा लालबुंद, हात लावू न देणारा झाला तर युरिक ॲसिड तपासा, तेही वजनाशी बांधलेलं आहे. आणि एकच सांधा गरम, सुजलेला, अंगात ताप, असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. पोटरी एका बाजूची सुजली आणि दुखली तरी तसंच.

आता गरबा. तुमचा प्रश्न वाचून आधी मला आनंद झाला, कारण ज्या घरात आई गरबा खेळेल का असं विचारतात, तिथे व्यायाम होतो. नवरात्राला किती आठवडे उरलेत ते मोजा. दहा-बारा असतील तर होय, पहिल्या दिवसापासून नाही, रोजही नाही. एक दिवस खेळायचं, एक दिवस बसून टाळ्या. मोठ्या मैदानावरच्या वेगाच्या रिंगणात नको, सोसायटीच्या अंगणात, बाहेरच्या गोलात, दोन टाळ्यांचा सावकाश गरबा, वीस मिनिटं. फुदडी, म्हणजे गोल गोल फिरणं, आणि एकदम गिरकी घेऊन गुडघ्यात पीळ देणाऱ्या चाली टाळा. अनवाणी खेळायचा नियम असेल तर खरखरीत सिमेंटपेक्षा मातीची जागा बघा. मध्येच दुखायला लागलं तर रिंगणातून बाहेर पडायला लाजायचं नाही, कडेला खुर्ची आधीच ठेवलेली असू द्या.

गरबा जमेल की नाही हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे, आजच करून आकडा लिहून ठेवा. भिंतीला टेकवलेली साधी खुर्ची, हात छातीवर घडी घातलेले, आणि तुम्ही मोबाइलवर तीस सेकंद लावा. तेवढ्या वेळात आई पूर्ण उभ्या राहून किती वेळा बसतात ते मोजा. हात टेकल्याशिवाय एकदाही जमलं नाही तर शून्य लिहा, लपवू नका. त्यांच्या वयाच्या बाईला साधारण बारा यायला हवेत. पुन्हा दर पंधरवड्याला, त्याच खुर्चीवर. घटस्थापनेच्या आठवड्यात आठच्या वर असतील तर चणिया-चोळी इस्त्रीला टाका.